काटा चारवर

लिफ्टबाईचं आणि दातवाल्याचं काहीतरी आहे, ही बातमी सकाळी दुसऱ्या मजल्यावर जन्मली, जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाचव्यावर रांगायला लागली आणि संध्याकाळी इमारत सुटली तेव्हा जिन्यावरून धावत खाली उतरली. बातमीला लिफ्ट लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

पुरावा साधासुधा नव्हता, पितळेचा होता. त्या सहा मजली इमारतीत प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दारावर एक पितळी अर्धचंद्र बसवलेला होता. त्यावर आकडे, आणि लिफ्ट जिथे असेल तिथे बोट दाखवणारा काटा. लिफ्ट कुठवर आली ते कळावं एवढाच त्याचा उपयोग. पण काट्यासमोर ज्यांचं टेबल असतं त्यांना काटा एवढंच सांगून थांबत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलाकडे टायपिंग करणाऱ्या मावशींचं टेबल नेमकं काट्यासमोर होतं. मावशींना न बघता टाइप करता यायचं, त्यामुळे डोळे कायम मोकळे. त्यांनी नोंद ठेवली: काटा दिवसातून चौदा वेळा चारवर थांबतो, आणि थांबतो तो तीन-तीन मिनिटं.

चौथ्या मजल्यावर दातवाल्याचा दवाखाना आणि एक बंद गोदाम. गोदामाशी कुणाचं काय असणार?

दातवाला पंचेचाळिशीचा, बिनलग्नाचा, केसांना तेल लावून भांग पाडणारा. बघणाऱ्यांनी पुढचंही बघितलं होतं. लिफ्टबाई चौथ्या मजल्यावर जाताना ओठ घट्ट मिटून जाते, आणि परत येते ती चेहऱ्यावर असं समाधान घेऊन, की बघणाऱ्याला हेवा वाटावा. वर पेशंट सांगायचे, "तोंडात कापूस कोंबून बसवलेलं असतं आपल्याला. तेवढ्यात ती येते, सरळ आत जाते, आणि हा लागतो गायला. गायला हो! मोठ्यांदा!"

लिफ्टबाईला तेव्हा आठवा सरून नववा लागला होता. त्यामुळे बातमीला जी शेपटी फुटायची ती फुटलीच.

आता ही लिफ्टबाई कोण, ते सांगायला हवं. लिफ्ट जुनी, बटणांची नव्हे, दांड्याची. दांडा उजवीकडे ढकलला की वर, डावीकडे ओढला की खाली, मध्ये आणला की थांबणार. पण थांबणार म्हणजे आपल्या सोयीने थांबणार. मजला यायच्या वीतभर आधी दांडा सोडायचा असतो. लवकर सोडला तर माणसाला वर चढून बाहेर पडावं लागतं, उशिरा सोडला तर खाली उडी मारावी लागते. लिफ्टबाईच्या वडिलांनी हा दांडा बावीस वर्षं हलवला आणि गुडघे गेल्यावर लेकीच्या हातात दिला. त्याला सात वर्षं झाली. ती थांबवायची तेव्हा लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी यांच्यात काडी आडवी ठेवली तरी हलायची नाही. कसं जमतं विचारलं तर म्हणायची, "तळव्यांना कळतं." पायाखालची थरथर मजला जवळ आला की बदलते. म्हणून ती लिफ्टमध्ये चपला काढून उभी राहायची.

आणि सातव्या महिन्यात तिचे तळवेच गेले.

गेले म्हणजे जागेवरच होते, पण सुजून असे झाले की घोटा कुठे संपतो आणि पाऊल कुठे सुरू होतं, ते तिलाही बोट दाबून शोधावं लागायचं. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि सावकाश भरून यायचा. स्वतःच्या चपला चढेनात. नवरा बेकरीत भट्टीवर कामाला. त्याने स्वतःच्या जुन्या चपलांचे पट्टे कापून तिला दिले. "पाव फुगतो तसे फुगलेत," तो कौतुकाने म्हणाला.

"पावाला लिफ्ट चालवायची नसते," ती म्हणाली.

त्या आठवड्यात इमारतीतल्या लोकांनी बऱ्याच ठेचा खाल्ल्या. लिफ्ट कधी चार बोटं वर, कधी चार बोटं खाली. तिसऱ्या मजल्यावरचा विमावाला, तीन माणसांचं वजन एकट्याने बाळगणारा, पायरी चुकून असा बाहेर आला की समोरच्या काचेच्या दाराने जीव मुठीत धरला. इमारतीचे सेक्रेटरी, निवृत्त गृहस्थ, हातात सदा वही, त्यांनी वहीत लिहिलं.

पण लिफ्टबाई हातपाय गाळणारी नव्हती. आणि गाळायचे म्हटले तरी ते आता जड झाले होते. तिने एक दिवस लक्ष देऊन ऐकलं. दोर वर घुमतो तो एका सुरात घुमत नाही. मजला जवळ आला की सूर किंचित खाली बसतो, दमलेला माणूस खुर्चीत बसताना "हं" करतो तसा. सात वर्षं तो सूर तिच्या कानावर पडत होता आणि तिने त्याला भाव दिला नव्हता, कारण पाय होते. आता पाय गेले तर कान आले. आठवड्याभरात काडी पुन्हा हलेनाशी झाली.

बाकीच्या शरीरानेही आपापले उद्योग मांडलेच होते. गणवेशाच्या कोटाची पितळी बटणं पोटावर लागेनात, तिने मधे नाडी बांधली. बेंबी उलटून बाहेर आली आणि कपड्यातून अशी दिसायला लागली की विमावाल्याने एकदा विचारलं, "हे बटण कितव्या मजल्याचं?" ती म्हणाली, "दाबून बघा, तळमजल्याला पोचाल." दांडा नेमका पोटाच्या उंचीवर, म्हणून ती आडवी उभी राहून डाव्या हाताने चालवायला शिकली, कारण उजव्या हाताची बोटं सकाळी मुंग्या येऊन बधिर असायची. मानेवर काळसर पट्टा उमटला. मावशी लिफ्टमध्ये मायेने म्हणाल्या, "मान जरा घासत जा हो, बाई."

"घासली मावशी, दगडाने घासली. मळ नाहीये तो. बाळंतपणानंतर जातो म्हणतात."

"असं?" मावशी म्हणाल्या. त्यांचं लग्न झालं नव्हतं, त्यामुळे बाळंतपणाची त्यांची सगळी माहिती टाइप केलेल्या दाव्यांमधली होती.

ढेकरा, छातीतली जळजळ, पोटावरची खाज (ती चपटी पट्टी घेऊन खाजवायची, लाजायची नाही). आणि वारा. बंद लिफ्ट ही वाऱ्याला योग्य जागा नव्हे. पण तिथे देवाने तिची बाजू घेतली होती. लिफ्टमध्ये चार माणसं असताना काही झालं, तर सगळ्यांच्या नजरा आपोआप विमावाल्याकडे वळायच्या. लिफ्टबाई समोर बघत, न्यायाधीशासारखा चेहरा ठेवून म्हणायची, "तिसरा." विमावाला बिचारा लाल होऊन उतरायचा. कालांतराने त्याला स्वतःलाच आपला संशय यायला लागला आणि त्याने वाटाणे सोडले.

मूळव्याध झाली तेव्हा मात्र स्टुलावर बसणं संपलं. सासूबाईंनी जुन्या चादरीची गुंडाळी करून मधे भोक ठेवलेली चुंबळ करून दिली. सासूबाई कमी बोलणाऱ्या, चार बाळंतपणं काढलेल्या. चुंबळ हातात देताना एवढंच म्हणाल्या, "मला दुसऱ्या वेळी झाली होती. लोक डोहाळे विचारतात, हे कुणी विचारत नाही."

पण या सगळ्यावर मात करणारी एक गोष्ट होती, आणि तिच्यावर मात होईना. बाळाने आपलं डोकं नेमकं आईच्या मूत्राशयावर टेकवलं होतं आणि त्याला ती उशी आवडली होती. दर अर्ध्या तासाने जावं लागायचं. शिंक आली तर तेवढा वेळही मिळायचा नाही. शिंक आधी आणि बातमी नंतर. ती पिशवीत कपड्यांचा दुसरा जोड ठेवायची, आणि कोणी तपकीर काढली की त्याला जिन्याने पाठवायची.

नोकरांसाठीचा संडास मागच्या अंगणात. अठरा पायऱ्या उतरून, उकिडवं बसायचा. आठव्या महिन्यात ती एकदा तिथे बसली आणि उठता येईना. नळ धरून उठायला गेली, तर नळ हातात आला. पुढची वीस मिनिटं ती आत, नळाचं पाणी भिंतीवर, आणि लिफ्ट तळमजल्यावर दार बंद करून उभी. शेवटी दाराची कडी, देवाचं नाव आणि एक कचकचीत शिवी या तिन्हींच्या आधाराने ती उठली. बाहेर आली तर लिफ्टसमोर नऊ माणसं आणि सेक्रेटरींची वही.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: लिफ्ट पाच मिनिटांहून जास्त बंद दिसल्यास गंभीर दखल घेतली जाईल.

दखल कशाची, ते सगळ्यांना ठाऊक होतं. लिफ्टबाईची रजा सोमवारपासून लागणार होती. तिची मागणी एकच: तीन महिने तिच्या जागी तिचे वडील स्टुलावर बसतील, मग जागा पुन्हा तिची. सेक्रेटरींचं म्हणणं वेगळं होतं. "बापलेकीची जहागीर आहे का ही? दांडा इकडे केला की वर, तिकडे केला की खाली. यात माणूस कशाला ठेवायचा? ज्याने त्याने चालवावी." शनिवारी दुपारी चारला सहाव्या मजल्यावर सभा. जागा राहणार की जाणार, तिथे ठरणार. तोवर लिफ्टबाईच्या नावावर एक तक्रार जरी वाढली, तरी कारभार आटोपला.

तेव्हा तिने स्वतःची सोय लावून घेतली. पाच मिनिटांच्या आत, लिफ्टपासून बारा पावलांवर. कुठे, ते कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण भाडेकरूने नोकरांना आपली जागा वापरू देऊ नये असं इमारतीच्या करारात कलम होतं, आणि ते कलम सेक्रेटरींना पाठ होतं. सोय करून देणाऱ्याचा दवाखाना गेला असता. म्हणून तिने जिभेवर कुलूप घातलं. काट्यावर घालायचं राहिलं.

बातमी घरी पोचली. सासूबाईंनी कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं, "दात दुखतोय का गं तुझा?"

"नाही."

"चौदा वेळा जातेस म्हणे."

"सोळा," लिफ्टबाई म्हणाली. "मावशी जेवायला जातात तेव्हाचं त्या धरत नाहीत."

सासूबाईंनी एक घडी मोडून पुन्हा घातली. "बरं. मला विचारायचं नाही काही. चार काढलीत मी."

नवऱ्याला तिनेच सांगितलं. "अहो, लोक काय काय बोलतायत, ऐकलंत का?"

"भट्टीपाशी पाव सोडून गरम काही पोचत नाही," तो तिच्या पायांना तेल चोळत म्हणाला. "तुला सांगायचंय का?"

"सोमवारनंतर सांगते."

"सोमवारनंतर सांग." आणि त्याने दुसरा पाय मांडीवर घेतला.

शनिवार उजाडला. चारला दहा मिनिटं कमी असताना सभेची मंडळी तळमजल्यावर लिफ्टमध्ये शिरली: वहीसह सेक्रेटरी, सभेचा वृत्तांत लिहायला मावशी, विमावाला, आणि पाचव्यावरचे दोघे भाऊ, कापडाचे व्यापारी, जे प्रत्येक गोष्टीला आळीपाळीने हो म्हणायचे. लिफ्टबाई आडवी उभी राहिली, जाळीचं दार ओढलं, दांडा ढकलला. ती पंधरा मिनिटांपूर्वीच चारवर जाऊन आली होती. सहावर जाऊन यायला अडचण नव्हती.

पण विमावाल्याने सभेसाठी अत्तर लावलं होतं. बेतशीर काही करायचं माहीत नसलेला माणूस. बाटलीच उपडी केली असावी. दुसरा मजला गेला तेव्हा तिच्या नाकात पहिली झिणझिण आली. तिने जीभ टाळ्याला लावली. तिसरा गेला. झिणझिण कपाळात चढली. आणि त्याच वेळी बाळाने कूस बदलून डोक्याने एक दणका दिला.

आयुष्यात काही प्रश्न असे येतात की त्यांच्यावर विचार करायला वेळ नसतो, हेच बरं असतं. लिफ्टबाईने दांडा सोडला. काटा चारवर. काडी हलणार नाही अशी लिफ्ट थांबली.

"सहाव्यावर जायचंय," सेक्रेटरी म्हणाले.

"माहितीये साहेब. दोन मिनिटं." तिने जाळी ओढली. "दांड्याला कुणी हात लावू नका."

"अहो, पण चारवर का? सभा..."

उत्तर द्यायला तोंड उघडलं असतं तर शिंक बाहेर आली असती. लिफ्टबाई कापलेल्या चपला फटफटवत, पोट दोन्ही हातांनी खालून उचलून धरत, त्या वजनाच्या बाईने पळू नये अशा वेगाने दवाखान्यात शिरली. दार लागलं. आणि आतून दातवाल्याचं गाणं सुरू झालं. मोठ्यांदा.

लिफ्टमधल्या पाच जणांनी एकमेकांकडे बघितलं. मावशींच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जो इतकी वर्षं न बघता टाइप केलेल्या माणसाला एकदाच, डोळ्यांनी बघायला मिळाल्यावर होतो.

"बघितलंत?" सेक्रेटरी म्हणाले. "सभेच्या दिवशी! आमच्या देखत!" आणि त्यांनी जाळी खाडकन लावली. "चला. मी नेतो. त्यात काय आहे?"

"साहेब, तिने सांगितलंय..." विमावाला म्हणाला.

"एका मुठीचं काम आहे!"

मूठ वळली, दांडा उजवीकडे गेला, लिफ्ट उचकी लागल्यासारखी वर गेली. पाचवा आला तसा निघून गेला. सेक्रेटरींनी दचकून दांडा उलटा ओढला. लिफ्ट खाली. चौथ्याची फरशी छातीशी आली आणि डोक्यावर गेली. पुन्हा वर. धाकट्या भावाने थोरल्याचा हात धरला आणि दोघे पहिल्यांदाच एकाच वेळी बोलले: "नाही!" शेवटी सेक्रेटरींनी घाबरून दांडाच सोडला, आणि लिफ्ट चौथ्या आणि पाचव्याच्या मधे, विटांच्या भिंतीसमोर उभी राहिली.

"दांडाच वाकडा आहे हा," सेक्रेटरी म्हणाले. नाचता येईना त्यांचं अंगण नेहमी असंच असतं.

"मला धडधडतंय," विमावाला म्हणाला.

तेवढ्यात खालून आवाज आला. शांत, समाधानी. "कोण आहे दांड्यावर?"

"साहेब," विमावाला म्हणाला.

"साहेब, हात काढा. मावशी, तुम्ही धरा."

"मी? अहो, मला..."

"तुमची बोटं हलकी आहेत. बटणं मोजत बसल्यासारखं नका करू, नुसतं धरा. डावीकडे ओढा. अजून. हां."

लिफ्टबाई चौथ्या मजल्याच्या जाळीला कान लावून उभी होती. डोळे मिटलेले. तिच्यामागे दवाखान्याच्या दारात दातवाला आणि गालात कापूस धरलेला एक पेशंट. दोर घुमायला लागला. पस्तीस वर्षं सांगितलं तसं करायची मावशींच्या बोटांना सवय होती.

"धरा... धरा... सोडू नका... घाबरताय काय, पडली तर मी खाली आहेच!"

"हसवू नका हो, बाई!"

दोराने "हं" केलं.

"सोडा!"

लिफ्ट थांबली. लिफ्टबाईने जाळी उघडली, आणि सवयीने खाली बघितलं. पोटामुळे तिला फरशी दिसेना, म्हणून तिने पेशंटला विचारलं, "सपाट आहे का?"

पेशंटने मान डोलावली. काडी हलली नसती.

आता त्या शांततेत एक आवाज सगळ्यांना ऐकू आला. इतका वेळ गाण्याने झाकलेला. दवाखान्याच्या आतल्या खोलीत, उंच बसवलेल्या जुन्या टाकीत, खळखळा पाणी भरत होतं. भरता भरेना. त्या टाकीला कुणाचीच भीड नव्हती. मावशींनी दवाखान्याकडे बघितलं, मग लिफ्टबाईच्या पोटाकडे, मग तिच्या चेहऱ्यावरच्या त्या जगप्रसिद्ध समाधानाकडे. त्यांचे कान लाल झाले.

सेक्रेटरींनी वही उघडली. करारातलं कलम त्यांच्या ओठांवर आलेलं दिसलं.

"लिहा साहेब," लिफ्टबाई म्हणाली. "दांड्याला हात लावू नका असं मी कुणाला सांगितलं होतं, तेही लिहा. सगळंच लिहू."

वही मिटली.

तिने सगळ्यांना सहाव्यावर नेलं, स्वतः, आणि सभा होईपर्यंत बाहेर चुंबळीवर बसून पट्टीने पोट खाजवत राहिली. आत सात मिनिटं लागली. ठराव विमावाल्याने मांडला, अनुमोदन दोन्ही भावांनी दिलं, एकदम. तीन महिने वडील, मग जागा तिचीच. आणि दांड्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्याला विरोध झाला नाही. सेक्रेटरींनी मतच दिलं नाही, ते पाणी पीत होते.

मावशी बाहेर आल्या. कागद पर्समध्ये ठेवता ठेवता लिफ्टबाईजवळ थांबल्या. "चौथ्या मजल्याचं काही वृत्तांतात घातलं नाही मी."

"बरं केलंत."

"अहो, पण मला एकदा विचारायचं ना तुम्ही... म्हणजे मी विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंत तर काम कसं चाललं असतं तुमचं?" लिफ्टबाई हसली, मग एकदम हसायची थांबली आणि गुडघे जुळवले. "मावशी, चला लवकर. चारवर थांबायचंय."

सोमवारी रजा लागली, बुधवारी मुलगी झाली. सासूबाई म्हणतात, डोक्याचा आकार थोडा चपटा होता. मावशी बघायला गेल्या होत्या आणि घरी परत येईपर्यंत चार जणांना सांगून मोकळ्या झाल्या होत्या, की नाक डिट्टो आईवर गेलंय.

दातवाल्याच्या आतल्या खोलीत खुर्चीसारखा बसायचा संडास होता. इमारतीत तसा तो एकच होता. ती तिथे लघवीला जायची, आणि आवाज बाहेरच्या पेशंटला ऐकू जाऊ नये म्हणून तो गायचा.